मागची उजवी बाजू

लग्न ठरल्यावर लेकीने दोनच गोष्टी मागितल्या. जेवणाला टाकव्याच्या आपल्या शेतातला तांदूळ आणि सासरी जाताना बाबांची गाडी. तांदळाचं काही नव्हतं, तो दरवर्षी येतोच. गाडीचं मात्र काही खरं नव्हतं.

गाडी म्हणजे आमच्या कुसगावच्या घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली जुनी गाडी. गोल दिवे, स्टिअरिंगला गिअर, पुढची सीट बाकासारखी सलग. असल्या गाड्या आता लग्नाच्या फोटोंपुरत्या भाड्याने मिळतात. माझे यजमान तळेगावकडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत ते या गाडीनेच कामावर गेले. पहिल्यांदा ती टाकवे बुद्रुकला नेली तेव्हा आमच्या वस्तीत तिच्याआधी कुणाचीच गाडी आली नव्हती. म्हातारी माणसं बॉनेटवरून हात फिरवून गेली होती.

ते गेल्यानंतर माझे धाकटे दीर अधूनमधून टाकव्याहून येत, इंजिन चालू करून बघत आणि चहा पिऊन जात. त्यामुळे इंजिनाची तक्रार नव्हती. तक्रार होती चाकांची. इतकी वर्षं गाडी एकाच जागी उभी राहून टायरची जमिनीला टेकलेली बाजू चपटी झाली होती. कडांना भेगा पडल्या होत्या, नखाने उचकटलं तर रबराचा भुगा हातात यायचा. रिमना गंजाचे पापुद्रे सुटले होते. आणि या चार चाकांवर माझी एकुलती एक लेक बसून जाणार होती.

मी काळजी करणारी बाई आहे, ते आधीच सांगून टाकते. रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी केली. खिडकी बंद केल्यावर कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे आणि परत वर जाऊन ओढून बघायचे. घरात त्यावरून भरपूर चेष्टा व्हायची. यजमान म्हणायचे, "घरातली काळजी हिच्याकडे दिलीय, बाकीचं मी बघतो." बाकीचं म्हणजे काय ते मला कधी कळलं नाही. आता तर तेही माझ्याकडेच आलं होतं.

दिरांना मात्र चाकांचा विषय निघाल्यावर लग्नापेक्षा जास्त उत्साह आला. दुसऱ्याच दिवशी ते मोबाइलवर फोटो घेऊन हजर झाले. चकचकीत अलॉय व्हील, त्यावर हे रुंद टायर.

"वैनी, हे बघा. लय भारी दिसंल."

मी म्हटलं, "भाऊजी, ही गाडी आहे, डीजेची ट्रॉली नाही."

"आवो, पोरगी सासरला चाललीय. बैलगाडीची चाकं लावून पाठवायची व्हय?"

मी हसले, पण त्या दिवसापासून मला टायरशिवाय काही सुचेना. रस्त्याने जाताना माणसांचे चेहरे दिसायचे बंद झाले, नुसती चाकं दिसायला लागली. कुणाचा टायर बाहेर आलाय, कुणाचा गुळगुळीत झालाय. भाजी घ्यायला गेले तरी टेम्पोची चाकं बघून यायचे. एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं, साड्या झाल्या का घेऊन, आणि मी म्हणाले, जुना साइज मिळत नाहीये. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, ब्लाउज शिवूनच घ्या मग.

लोणावळ्यात जुन्या हायवेला आमच्या ओळखीचं टायरचं दुकान आहे. दुकानदार त्यांच्या अब्बांच्या वेळेपासून गल्ल्यावर बसलेले, आमच्याच वयाचे. मी गाडीचं नाव सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

"ताई, अजून आहे ती? साहेब हवा भरायला यायचे, ती हीच ना?"

हीच, म्हटलं. त्यांनी सांगितलं की पूर्वी होता तसला टायर आता येत नाही. कुठे सापडला तरी तो बनून कपाटात वर्षानुवर्षं पडलेला असणार. म्हणजे आमच्या शेडमध्ये जे सडलं तेच दुसऱ्याच्या गोदामात सडलेलं विकत आणायचं. ते नको. मग राहिले आजचे टायर. त्यांनी एक टायर फिरवून कडेचे आकडे मला दाखवले, हा रुंदीचा, हा उंचीचा, हा रिमचा. जुन्या चाकाची जमिनीपासूनची उंची होती तेवढीच नव्याची हवी, नाहीतर काटा दाखवतो एक आणि गाडी पळते दुसऱ्याच वेगाने. आणि टायर रुंद घेतला तर तो मडगार्डच्या आत मावायला हवा. मावला नाही तर वळताना पत्र्याला घासतो, घासून घासून कापला जातो.

कापला जातो हे ऐकल्यावर पुढचं काही वेळ मला ऐकूच आलं नाही.

अलॉयचा निकाल तिथेच लागला. नटांची भोकं चारच होती, पण आमच्या गाडीची चार भोकं ज्या अंतरावर आहेत ते अंतर वेगळं. दिरांचं म्हणणं, थोडं कानसून बसवता येईल. मी म्हटलं, तुम्ही पायात दुसऱ्याची चप्पल कानसून घालता का? दुकानदारांनी माझी बाजू घेतली. जुन्या मापाचे लोखंडी रिम त्यांनी कुठून तरी मिळवून द्यायचं कबूल केलं. उरला टायर. एक अरुंद, जुन्याच्या जवळपास जाणारा, तो पुण्याहून मागवावा लागणार होता. एक त्याहून रुंद, तो दुकानात तयार होता.

दिरांना रुंद हवा होता, कारण तो उठून दिसतो. आता मी काय केलं ते सांगते. मी विचारलं, "पकड कशाची जास्त?" दुकानदार म्हणाले, रुंदाची. ओल्या रस्त्याला? रुंदाची. मग माझं ठरलं. दिसण्यासाठी नव्हे, भीतीपोटी मी दिरांच्या बाजूला गेले. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"पण मावेल का ते येऊन बघा," मी दुकानदारांना म्हटलं. ते खरंच कुसगावला आले.

इथे शेडचं सांगायला हवं. शेड अरुंद आहे. यजमान गाडी उजव्या भिंतीला अगदी चिकटवून लावायचे, म्हणजे डावीकडची दारं पूर्ण उघडत. हे सासूबाईंसाठी सुरू झालं. त्यांना गाडी लागायची, म्हणून त्या पुढे डावीकडे, खिडकीशी. मागे डावीकडे लेक, कारण शाळेशी तिला पटकन उतरायला हवं. मग मी उजवीकडे, यजमानांच्या बरोब्बर मागे. घरी आल्यावर सासूबाई आणि लेक आपापल्या दाराने उतरायच्या आणि आम्ही दोघं, ते पुढच्या सीटवरून आणि मी मागच्या, घसरत घसरत डाव्या बाजूने बाहेर यायचो. लेक आम्हाला खेकडे म्हणायची.

तर दुकानदार आले. हवा नसलेली गाडी जागची हलेना. ते डावीकडे उकिडवे बसले, मागच्या चाकावरच्या फटीत हात घातला, टेपने काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "दोन बोटं आरामात जातात, ताई. रुंद मावतो." मीही बसून दोन बोटं घालून बघितली. गेली. उजवीकडे हात घालायला भिंत आडवी होती, आणि घालावा असं कुणाला वाटलंही नाही. इकडे जे आहे तेच तिकडे असणार. इतक्या वेळा कुलूप ओढून बघणारी मी, मीही एवढ्यावर समाधानी झाले.

जेमतेम हवा भरून गाडी ओढत दुकानात नेली आणि टायर बसले. दुकानात गाडी जॅकवर चढवली तेव्हा चाकं खाली लोंबत होती आणि फट अजूनच मोठी दिसत होती. दिरांनी एकट्याने खंडाळ्यापर्यंत चक्कर मारून आणली. कुठे आवाज नाही, काही नाही. गाडी धुतली, पुसली, आणि खरं सांगायचं तर ती रुंद चाकांवर फार रुबाबदार दिसत होती. लेकीने फोटो काढले. मला त्या रात्री चांगली झोप लागली.

मग लग्नाचा तांदूळ आणायला मी आणि दीर टाकव्याला गेलो. डिकीत पोती भरली, उरलेली मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवली. पुढची सीट रिकामी होती, पण मी सवयीने मागचं उजवं दार उघडून बसले होते. ते माझ्या लक्षातही आलं नाही. कान्हे फाट्याला गाडी हायवेला लागली. कामशेतच्या खिंडीत पहिलं डावं वळण आलं आणि माझ्या बुडाखाली घर्रर्र असा आवाज झाला.

"भाऊजी, काय झालं?"

"काय न्हाई, खडा आसंल."

पुढच्या डाव्या वळणावर खडा परत आला. या वेळी वासही आला, जळक्या रबराचा. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारून गाडी बाजूला घ्यायला लावली. शेजारून कंटेनर जात होते, प्रत्येक कंटेनरला गाडी हलायची. मी पदर खोचून मागच्या उजव्या चाकाशी वाकले. टायरच्या खांद्यावर गोल फिरलेली काळी चकाकती रेघ होती आणि वर मडगार्डच्या पत्र्याची आतली कड घासून उघडी पडली होती. मी दोन बोटं फटीत घालायला गेले. एकही गेलं नाही.

डावीकडे जाऊन बघितलं. तिथे दोन्ही गेली.

दिरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आसं कसं वो, वैनी? गाडी तर येकच हाय."

मला दिसत होतं ते वेगळंच. लेक मागे बसलीय, तिच्या शेजारी जावई, मांडीवर कुणाचं तरी पोर, डिकीत सामान, आणि वळणावर हा आवाज. आम्ही पोती उतरवून कामशेतहून टेम्पो बोलावला. रिकामी गाडी बैलगाडीच्या चालीने लोणावळ्याला आणली. वळण आलं की मी डोळे मिटून घ्यायचे, जणू त्याने वळण सरळ होणार होतं.

दुकानदारांनी गाडी सपाट फरशीवर उभी करायला लावली. ते स्वतः मागे जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग कपाळावर हात मारला.

"माझीच चूक, ताई. मी एकच बाजू मोजली. या, हिथून बघा."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं. गाडी उजवीकडे बसली होती. पुढून मागून, सगळी उजवी बाजू खाली. शेडमध्ये ती भिंतीला टेकून असायची, आणि बाहेर काढल्यावरही अशी मागे उभं राहून तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

"स्प्रिंग बसलेत उजवीकडचे, मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे पण," ते म्हणाले. "चालवणाऱ्याची बाजू थोडी बसतेच. पण मागची पण एवढी? उजवीकडे मागे कोण बसायचं?"

"मी," मी म्हटलं.

"कायम?"

"कायम."

दीर उगाच टायरला लाथ मारून बघत होते.

घरी लेकीला सांगितलं. दोन रस्ते होते. गाडी आहे तशीच ठेवून अरुंद टायर लावायचे, ते बसलेल्या बाजूलाही जेमतेम मावले असते. किंवा पाटे आणि स्प्रिंग बदलून गाडी सरळ करायची आणि मग टायर बघायचे. मला पहिला रस्ता हवा होता. का ते मी आडून आडून सांगत होते. लग्न तोंडावर आलंय, कशाला नसती खोलाखोली, जुने नट तुटतील. शेवटी खरं बोलले. तुझे बाबा रोज जिथे बसायचे ती जागा गाडीने धरून ठेवलीय. ती सरळ केली की काय राहिलं?

लेक कांदे चिरत होती. ती म्हणाली, "बाबांचं ठीक आहे गं. ते चालवत होते, ते तिथेच बसणार. तू का तिथे बसायचीस?"

"पुढे आजी असायची ना."

"आजी गेल्यावर?"

सासूबाई गेल्यानंतर पुढच्या सीटवर यजमानांची डब्याची पिशवी असायची. मी मागचं दार उघडायचे आणि बसायचे. ते आरशातून बघायचे, बसलीस का, आणि गाडी काढायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. पण पिशवी उचलून पुढे ये असंही कधी म्हणाले नाहीत, आणि मी म्हटलं नाही की पिशवी मागे ठेवा. त्यांच्या मानेवरचे केस काळ्याचे पांढरे होताना मी मागून बघितले. चेहरा बघायला घरी पोचावं लागायचं.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. पिशवीचाच आला असावा. नुसत्या डब्याच्या पिशवीने ती जागा इतकी वर्षं अडवली होती.

"सरळ कर," लेक म्हणाली. "मी नाही जाणार कलत्या गाडीतून."

पाटे बदलले, स्प्रिंग बदलले. गाडी सरळ झाल्यावरही मी रुंद टायर परत लावू दिले नाहीत. दुकानदारांनी आपणहून पुण्याहून अरुंद मागवून दिले. या वेळी मी चारी चाकांशी वाकून बोटं घातली. मग गाडीत पोती भरायला लावली आणि परत घातली. मग दिरांना आणि दुकानातल्या दोघांना आत बसायला लावून परत घातली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. दुकानदार म्हणाले, "ताई, आता विमानाला लावले तरी उडेल." मी म्हटलं, उडायला नको, पोचू दे.

सगळ्यात शेवटी मी आत बसून बघितलं, मागे उजवीकडेच. आधी बसलं की अंग आपोआप दाराकडे कलायचं, त्याची पाठीला सवय झाली होती. आता मी ताठ बसले होते आणि कंबर भरून आली.

लग्न कुसगावच्या विहाराच्या सभागृहात झालं. पांढऱ्या साडीत लेक इतकी शांत दिसत होती की मला तिचीही काळजी वाटली. त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली, जेवणं झाली. भात चांगला झाला होता, सगळे म्हणाले. माझं लक्ष गेटपाशी उभ्या गाडीकडे. दिरांनी झेंडूच्या माळा लावल्या होत्या आणि एक माळ चाकाच्या फार जवळ लोंबत होती. ती मी जाऊन वर बांधून आले.

जावई कामशेतचे. निघायची वेळ झाली तसं सगळं गेटपाशी लोटलं. दीर स्टिअरिंगवर बसले. जावयाच्या आत्या, घरातलं वडीलधारं माणूस, पुढच्या दाराशी गेल्या.

"मी बसते पुढं. पोरं बसतील मागं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं, तशीच पद्धत आहे. मग त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "सरक बाई आत. नवऱ्याला दाराशी बसू दे."

लेकीने डावं दार उघडलं, साडी गोळा केली आणि वाकून आत सरकायला लागली. पांढरा पदर सीटवरून उजवीकडे, दिरांच्या पाठीमागच्या जागेकडे घसरत गेला.

मी कधी पुढे झाले मला आठवत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "तिथे नको. मागच्या उजव्या बाजूला वजन पडलं की चाक घासतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिरांनी मान वळवली. पाटे बदलताना ते स्वतः हजर होते. पोती भरून त्यांनीच गाडी खिंडीतून फिरवून आणली होती. त्यांनी तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"व्हय," ते म्हणाले. "घासतं."

"तिथे हलकं माणूस हवं," मी म्हटलं. आमचे जावई काडीसारखे आहेत. माझ्यासकट सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मागून कुणीतरी हसलं. "जावईबापू, तुम्ही तिथे सरका. आत्या, तुम्ही मागे डावीकडे या, पाय लांब करून ऐसपैस बसा. पुढे इंजिनाची गरमी लागते."

"घासतं म्हनल्यावर काय करायचं," आत्या म्हणाल्या आणि मागे येऊन खरंच पाय लांब करून बसल्या. जावई फेटा सांभाळत घसरत घसरत उजवीकडे गेले.

लेक पुढच्या दाराशी आली. पुढच्या सीटवर दिरांची कसलीशी पिशवी होती. मी ती उचलून घेतली. लेक बसली. खिडकीतून तिने माझा हात धरला आणि फक्त एवढंच विचारलं, "घासतं?"

मी म्हटलं, "नीट जा."

बायका रडत होत्या. गाडी निघाली तसं माझ्या बहिणीने मला कवटाळलं आणि म्हणाली, रड बाई, मोकळी हो. मी तिला गप्प केलं. गल्लीच्या टोकाला डावं वळण होतं, आणि गाडी भरलेली होती. गाडी वळली, किंचित उजवीकडे झुकली, सरळ झाली. काहीही आवाज आला नाही. चाक घासणार नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मी कान देऊन उभी होते, हातात दिरांची पिशवी घेऊन. हायवेला लागताना अजून एक डावं वळण आहे.